फितीवरचा आवाज : समाजाची एक ठेव

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात बेंबळी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा जमाखर्च विश्वस्त मंडळाने याच स्मरणिकेत स्वतंत्रपणे मांडला आहे. देणगीदारांची नामावली आहे, बांधकामाचा तपशील आहे. त्या हिशेबात न आलेल्या एका मालमत्तेकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्यासाठी आज मी उभा आहे. ती मालमत्ता म्हणजे आपल्या मंदिराच्या कपाटात आणि आपणा सर्वांच्या घरांतील पेट्यांत, माळ्यांवर पडून असलेल्या कॅसेटी.

विषय ऐकून काहींना नवल वाटेल. सुवर्णमहोत्सवात धर्म, दान, शिक्षण यांविषयी बोलावे. कॅसेटींविषयी काय बोलायचे? शिवाय मी संगीताचा जाणकार नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पिढीजात कापड व्यापारी. परंतु साठ्यातील माल कोणता टिकतो, कोणता विरतो आणि कोणता चिठ्ठी हरवल्यामुळे कवडीमोल होतो, हे व्यापाऱ्याला अनुभवाने कळते. त्या नजरेनेच मी या विषयाकडे पाहतो.

आपल्या ट्रस्टचे वय आणि आपल्या घराघरांतील कॅसेटचे वय जवळजवळ सारखेच आहे. नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही लहानशी कॅसेट प्रथम जगापुढे ठेवली. आपल्या देशात ती सर्वसामान्यांच्या हाती आली ती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि १९८० च्या दशकात ती गावोगावी पोहोचली. त्यापूर्वी आवाज साठवणे हे कंपन्यांचे आणि आकाशवाणीचे काम होते. कॅसेटने ते काम प्रथमच तुमच्या-आमच्या हाती दिले. पर्युषणातील भजने, चातुर्मासातील प्रवचने, पंचकल्याणकाचे सोहळे, जन्मकल्याणकाचे पाळणे, लग्नघरातील गाणी, आजीच्या तोंडच्या ओव्या हे सारे कोणी ना कोणी टेपरेकॉर्डरचे लाल बटण दाबून साठवून ठेवले. पुढे यंत्रे बंद पडली आणि कॅसेटी पेटीत गेल्या.

फितीची लांबी आणि पोत

कॅसेट म्हणजे नेमके काय? प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर लोहाच्या संयुगाचा बारीक थर चिकटवलेला असतो. आवाजाच्या चढउतारांप्रमाणे त्या कणांचे चुंबकत्व बदलते. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर, आणि ती यंत्रातून सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये, प्रत्येक बाजू तीस मिनिटांची धरून, सुमारे ८६ मीटर फीत असते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती जवळजवळ १२९ मीटर भरते.

आता कापडाच्या दुकानात बसणाऱ्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. डबी तेवढीच, मग तीत दीडपट लांबीचा माल मावला कसा? पोत पातळ केला म्हणून! साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत साधारण १६ ते १८ मायक्रॉन जाडीची असते, नव्वद मिनिटांची सुमारे १२, तर एकशेवीस मिनिटांची अवघी ९ मायक्रॉनच्या आसपास. पातळ पोताचे कापड जसे आधी फाटते, तशी ही फीतही आधी ताणली जाते, गुंतते आणि तुटते. एकाच कॅसेटमध्ये सारे प्रवचन मावावे म्हणून आपल्याकडे हौसेने मोठ्या कॅसेटी आणल्या गेल्या. त्यामुळे आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे ध्वनिमुद्रण पुष्कळदा सर्वांत नाजूक फितीवर आहे, हे आपण आधी ध्यानात घेतले पाहिजे.

विद्यापीठांनी कॅसेटी का जमवल्या?

भारतात व्यापारी तत्त्वावर पहिली ध्वनिमुद्रणे झाली ती १९०२ साली, कोलकात्यात. गौहरजान यांचे गाणे तेव्हा तबकडीवर उतरले. त्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. जो राग मैफलीत तासभर फुलतो, तो तीन मिनिटांत आटोपावा लागे. अनेक थोर गवयांना हा प्रकार रुचला नाही. आपली विद्या यंत्रात अडकली तर घराण्याबाहेर जाईल, ही धास्तीही होती. जयपूर घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अल्लादियाखाँ यांचे वास्तव्य कोल्हापुरात आणि मुंबईत होते. १९४६ साली ते वारले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. शिष्यांच्या गळ्यावरून गुरूच्या गाण्याची कल्पना करणे एवढेच आपल्या हाती उरले आहे. त्यांच्याच शिष्या, गोव्याच्या केसरबाई केरकर यांचे भैरवीतील ध्वनिमुद्रण मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानावरील सोनेरी तबकडीवर बसवून अवकाशात पाठविण्यात आले. ते यान पुढे आंतरतारकीय अवकाशात गेले. गुरूचा आवाज पृथ्वीवरही उरला नाही आणि शिष्येचा आवाज ताऱ्यांच्या दिशेने निघाला. दोहोंत फरक एवढाच, की एकीचे गाणे कोणीतरी नोंदवून ठेवले होते.

कॅसेट आली आणि ध्वनिमुद्रणाची लांबी वाढली. एका बाजूला तीस, पंचेचाळीस मिनिटे मिळू लागली. विलंबित ख्याल सलग नोंदवता येऊ लागला. गुरूची तालीम, वर्गातील प्रात्यक्षिक, खासगी बैठक हे सारे कमी खर्चात साठवणे शक्य झाले. विद्यापीठांतून संगीताचे विभाग सुरू होत होते, त्यांना हे साधन वरदानासारखे वाटले. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालकपद १९६८ पासून पंधरा वर्षे डॉ. अशोक दा. रानडे यांनी सांभाळले आणि पुढे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे नरीमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये, संशोधनाचे काम पाहिले. संगीताचा अभ्यास केवळ पुस्तकांवरून होत नाही, आवाज हेच त्याचे मूळ साधन आहे, आणि त्या साधनात शास्त्रीय संगीताइतकेच लोकसंगीतही येते, ही जाणीव त्यांच्या पिढीने मराठी मुलखात रुजवली. ग्रंथालयात जसे ग्रंथ, तशा संगीताच्या ग्रंथालयात ध्वनिफिती, हे मग ओघानेच आले.

याच काळात परदेशी विद्यापीठांतील संशोधक भारतात येत, खेडोपाडी फिरून ध्वनिमुद्रणे करीत आणि परत जाताना फिती बरोबर नेत. त्यांत त्यांचा दुष्ट हेतू नव्हता. त्यांच्या विद्यापीठांत थंड, कोरडी कोठारे होती, सूची करणारी माणसे होती. परंतु परिणाम असा झाला, की भारतातील एखाद्या गावचे गाणे ऐकायचे तर भारतीय विद्यार्थ्याला परदेशी जावे लागे. हे उलटे चित्र पालटण्यासाठी डॉ. नझीर जयराजभॉय यांच्या पुढाकाराने १९८२ साली एक संस्था उभी राहिली. अमेरिकेतील विद्यापीठांनी मिळून चालविलेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे ते संगीतविषयक संग्रहालय व संशोधन केंद्र. परदेशात गेलेल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती भारतात परत आणून अभ्यासकांना खुल्या कराव्यात, हा त्याचा उद्देश. आर्नल्ड बाके या डच अभ्यासकाने १९३० च्या दशकात भारतात केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रतीही अशाच मायदेशी आल्या. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की हे केंद्र प्रथम पुण्यात सुरू झाले. नंतर ते दिल्लीस गेले आणि पुढे गुरुग्रामला स्थिरावले.

जात्यावरच्या ओव्यांचा प्रवास

या केंद्राच्या इतिहासातील एक प्रकरण थेट आपल्या मायभगिनींशी जोडलेले आहे. पुण्यातील समाजशास्त्रज्ञ गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम १९८० च्या दशकात हाती घेतले. पहाटे जात्याशी बसून बाई जे गाते, ते तिचे आत्मचरित्र असते. माहेर, सासर, भाऊ, दुष्काळ, देव, सारे तीत येते. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून घेतल्या. पुढे संगणकशास्त्र आणि संगीत या दोहोंचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण सिद्ध झाले. त्यात आपल्या मराठवाड्याचा आवाज आहे. परभणी जिल्ह्यातील ताडकळसचा आहे, बीड जिल्ह्यातील माजलगावचा आहे.

हा ठेवा प्रथम गुरुग्रामच्या त्या केंद्रात जपला गेला. नंतर फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथील ध्वनिसंग्रहात गेला. गी पॉइटविन २००४ साली आणि हेमाताई २०१० साली निवर्तल्या. अखेर २०१७ पासून 'पारी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या आवाजासह सर्वांसाठी खुल्या करण्यास आरंभ केला. ताडकळसच्या बाईचा आवाज पुणे, गुरुग्राम, फ्रान्स अशी यात्रा करून मराठवाड्यातील मुलीच्या भ्रमणध्वनीवर परतला.

या प्रवासाकडे पाहून दोन भाव मनात येतात. पहिला कृतज्ञतेचा. त्या माणसांनी हे केले नसते तर त्या ओव्या गाणाऱ्या बायांबरोबरच गेल्या असत्या. दुसरा भाव थोडा बोचरा आहे. आपल्या घरातला आवाज जपायला दूरच्या माणसाला यावे लागले, कारण घरातल्यांना त्याचे मोल वाटले नाही. बेंबळीच्या कॅसेटी शोधत कोणी संशोधक येईल, अशी वाट आपण पाहायची का?

चिठ्ठी नसलेला तागा

पारीवर ओवी वाचताना माझ्यातील व्यापाऱ्याला एका गोष्टीचे फार कौतुक वाटले. ओवीसोबत गाणारीचे नाव असते. तिचे गाव, तालुका, जिल्हा, वय, मुलेबाळे, व्यवसाय, ध्वनिमुद्रणाची तारीख हा तपशील असतो. चांगल्या संगीत ग्रंथालयातही असेच असते. प्रत्येक कॅसेटला दाखल क्रमांक, त्यापुढे गायक, राग, ताल, साथीदार, स्थळ, दिनांक, ध्वनिमुद्रण कोणी केले आणि ते कोणाला ऐकू द्यावे याविषयीची अट. नोंदवही ही तेथे कॅसेटीइतकीच जपली जाते.

दुकानात चिठ्ठी गळालेला तागा हाती आला तर काय होते? किंमत सांगता येत नाही, गिरणी कळत नाही, रंग पक्का की कच्चा याची हमी देता येत नाही. माल उत्तम असूनही तो पडून राहतो. आपल्या पेट्यांतील बहुसंख्य कॅसेटी अशाच आहेत. 'भजन', 'प्रवचन', 'ताईचे लग्न' एवढेच शब्द, तेही पुसट. कोणती ताई? कोणता चातुर्मास? भजन म्हणणाऱ्या चार बायांपैकी पहिला आवाज कोणाचा? हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. फीत कदाचित आणखी दहा वर्षे तग धरील. पण आवाज ओळखणारा माणूस गेला तर ती फीत वाजूनही मुकीच राहील. म्हणून मी म्हणतो की यंत्र आणण्याच्या आधी वही आणा. वडीलधाऱ्यांना बसवा, कॅसेटी त्यांच्या पुढे ठेवा आणि ते जे सांगतील ते तारखेसह लिहून घ्या.

आपलीच परंपरा

जपणूक ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. आपले ग्रंथभांडार हे जगातील प्राचीन ग्रंथालयांत गणले जातात. श्रावकांनी शास्त्रांच्या नकला करवून मंदिरांना अर्पण केल्या. शास्त्रदान हे श्रेष्ठ दान मानले. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळील लेण्यांचे वर्णन आहे, आणि ती आपली धाराशिवची लेणी असावीत असे अभ्यासकांनी मानले. प्रा. हिरालाल जैन यांनी संपादित केलेले हे काव्य १९३४ साली कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. कोणा अनाम लेखनिकाने त्याची नक्कल केली नसती, तर आपल्या लेण्यांविषयी मिळालेला हा साहित्याचा पुरावा आपल्याला लाभला नसता.

परंतु याच परंपरेत एक इशाराही आहे. षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका यांची ताडपत्रे शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्रीच्या भांडारात होती. तेथील मंडळींनी ती प्राणपणाने राखली, म्हणून ती वाचली; पण दर्शनापुरतीच उरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला होऊ लागल्या आणि १९३९ साली अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांच्याच संपादनाखाली धवलेचा पहिला भाग छापून बाहेर पडला. तेव्हा कोठे ते ज्ञान समाजाच्या हाती आले. कुलूप राखण करते, हे खरे. पण ग्रंथ जगतो तो नकलेने.

आवाजाच्या बाबतीतही आपल्या जिल्ह्यात एक थोर उदाहरण आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर रोजी त्यांची समाधी झाली. त्यापूर्वी दहा दिवस, ८ सप्टेंबर रोजी, त्यांनी मराठीत अखेरचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रित करण्यात आला. तेव्हा कॅसेट जन्मलेलीही नव्हती. क्षीण झालेल्या देहातून आलेले ते शब्द ज्यांनी नोंदविले, त्यांनी पुढील सर्व पिढ्यांवर उपकार केले. भूम तालुक्यातील त्या पहाडावर जे सत्तर वर्षांपूर्वी सुचले, ते आपल्याला आज सुचू नये काय?

घाई का करायची?

कॅसेटचे शत्रू तीन : उष्णता, दमट हवा आणि धूळ. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून वर. त्या उष्णतेने फितीवरचा थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ दुबळा होतो. पावसाळ्यात बुरशी धरते. फितीमागचा नमद्याचा छोटा तुकडा सुटून पडतो आणि आवाज दबका होतो.

चौथा शत्रू मात्र घरात नसून बाजारात आहे. वाजविणारे यंत्रच नाहीसे होत आहे. चांगली यंत्रे बनणे थांबले, सुटे भाग मिळेनात, दुरुस्त करणारे कारागीर वृद्ध झाले. नव्याने मिळणारी स्वस्त यंत्रे वाजवतात, पण त्यांचा वेग स्थिर नसतो. गाण्याचा षड्जच डळमळतो. युनेस्कोने ध्वनिसंग्रहांच्या जागतिक संघटनेबरोबर २०१९ साली या प्रश्नाची पाहणी हाती घेतली, तेव्हा जाणकारांनी २०२५ च्या सुमाराची मुदत सांगितली होती. त्यानंतर फिती वाजविणे अतिशय कठीण आणि खर्चिक होत जाईल, असा तो इशारा होता. ती मुदत उलटली आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाने हे वेळीच ओळखले. २०१३ साली त्यांनी योजना आखली आणि २०२० मधील आपल्या द्विशताब्दीचे लक्ष्य ठेवून ध्वनी व चित्रफितींचे तीन लाखांहून अधिक नग संगणकीय रूपात आणले. वर्धापनाचे निमित्त असे कारणी लावले जाते.

आणि एकच प्रत एकाच घरात असणे म्हणजे काय, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर परिसरात हजारो माणसे गेली. माणसांपुढे वस्तूंचा शोक कोणी करीत नाही, करूही नये. पण त्या घरांबरोबर किती ओव्या, किती आवाज मातीखाली गेले, याची मोजदाद कोठेच नाही.

काही शंका

कोणी म्हणेल, आता सारे यूट्यूबवर मिळते. बाजारात विकल्या गेलेल्या कॅसेटींपुरते ते बव्हंशी खरे आहे. त्या हजारोंनी निघाल्या, त्यांची चिंता कंपन्यांनी करावी. शिवाय ध्वनिमुद्रणाचे स्वामित्व आपल्या कायद्याने प्रकाशनापासून साठ वर्षे चालते. त्यांच्या नकला वाटण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याला जपायच्या आहेत त्या घरी, मंदिरात, मंडपात नोंदविलेल्या, जगात एकच प्रत असलेल्या कॅसेटी.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. आवाज जपला म्हणजे तो चारचौघांत वाजवावा का? माझे उत्तर आहे, विचारल्याविना नाही. लग्नघरात मैत्रिणींपुढे म्हटलेले गाणे सर्व जगाला ऐकवावे अशी त्या बाईची इच्छा असेलच असे नाही. काही संप्रदायांत साधु-साध्वी विद्युत् उपकरणे वर्ज्य मानतात. तेथे कोणी गुपचूप केलेले ध्वनिमुद्रण सापडले, तर त्या मर्यादेचा मान राखून आधी संघाची आज्ञा घ्यावी. मोठ्या संग्रहांतही देणाऱ्याची अट नोंदवून पाळली जाते. अपरिग्रह मानणाऱ्या समाजाने दुसऱ्याच्या आवाजावर मालकी सांगू नये; आपण केवळ विश्वस्त आहोत.

तिसरी शंका खर्चाची. येथे मी माझ्या शिक्षणाला जागतो आणि हिशेब मांडतो. शंभर कॅसेटी, प्रत्येकी एक तासाच्या धरू. कॅसेट वाजेल तेवढाच वेळ नक्कल होण्यास लागतो. घाई चालत नाही. म्हणजे शंभर तास. दोन तरुणांनी रोज दोन तास दिले तर पन्नास दिवस. उत्तम प्रतीची, न दाबलेली ध्वनीफाइल केली, तर तासाला सुमारे दोन जीबी जागा लागते. शंभर तासांना दोनशे जीबी. आज एक टीबीची हार्ड डिस्क सर्रास मिळते. तिच्या पंचमांशात आपला पन्नास वर्षांचा आवाज मावतो. खरा खर्च एका चांगल्या, दुरुस्त केलेल्या जुन्या डेकचा आणि माणसांच्या वेळेचा.

विश्वस्त मंडळास विनंती

सुवर्णमहोत्सवी निधीतून प्रवेशद्वाराची कमान उभारण्याचा विचार चालू आहे. कमान अवश्य व्हावी. परंतु कमान दोन वर्षांनीही होऊ शकते, कॅसेटींना तेवढा अवधी नाही. म्हणून माझी नम्र विनंती आहे, की या निधीचा पहिला हिस्सा या कामी खर्च व्हावा आणि पुढील गोष्टी याच वर्षी व्हाव्यात.

पहिली गोष्ट नोंदवहीची. घराघरांतून कॅसेटी मागवाव्यात, पोच द्यावी, दाखल क्रमांक घालावा. मालकी ज्याची त्याचीच राहील; काम होताच कॅसेट सन्मानाने परत जाईल. वडीलधाऱ्यांकडून माहिती घेण्याचे काम कन्या आणि सुनांनी हाती घ्यावे. गाणी त्यांच्या आज्यांची आहेत, प्रश्न त्यांनाच सुचतील.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. कॅसेटच्या मागील कडेवर दोन लहान पट्ट्या असतात, त्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही नोंदले जाणार नाही. बुरशी धरलेली किंवा तुटलेली फीत घरच्या जुन्या यंत्रात घालून पाहू नये. ती बाजूला ठेवून जाणकाराकडे पाठवावी. यंत्राचे हेड वेळोवेळी स्वच्छ करावे आणि कॅसेट वाजवण्याआधी ती एकदा सावकाश पुढे-मागे फिरवून घ्यावी.

तिसरी गोष्ट नकलांची. तीन प्रती कराव्यात. एक मंदिरात, एक विश्वस्तांपैकी कोणाच्या घरी आणि एक धाराशिवच्याही बाहेर, दुसऱ्या जिल्ह्यात. दर वर्षी पर्युषणात शास्त्रपूजन होते, त्याच दिवशी या प्रती उघडून चालतात की नाही हे पाहावे. हार्ड डिस्कही अमर नाही. जुन्या पोथीची जशी नवी नक्कल होत आली, तशी हिचीही होत राहिली पाहिजे.

चौथी गोष्ट परत देण्याची. ज्यांनी संमती दिली, त्यांचे आवाज त्यांच्या नातवंडांपर्यंत पोहोचवावेत. पाठशाळेतील मुलांना पणजीच्या आवाजातला पाळणा शिकू द्यावा. ऐकणाराच नसेल, तर नुसत्या साठवणीला अर्थ राहत नाही.

बंधूंनो, ताळेबंदात एक शब्द असतो, 'घसारा'. मालमत्तेची किंमत दर वर्षी किती घटली ते तेथे लिहितात. आपल्या कॅसेटींचा घसारा कोणी लिहीत नाही, तरी तो दररोज चालू आहे. येत्या रविवारी सकाळी माझ्या दुकानात कोरी वही आणि पेन घेऊन मी बसणार आहे. ज्यांच्या घरी कॅसेटी असतील त्यांनी त्या आणाव्यात, आणि शक्य असेल तर त्या आवाजाची ओळख असलेल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीलाही सोबत आणावे. वहीतील पहिला दाखल क्रमांक आपल्यापैकी कोणाच्याही घरचा असो, तो सर्व समाजाचा असेल.